निवृत्तिवेतनाच्या सावलीतील उद्योजकता

‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ हा उपदेश गेल्या दशकात राजधानीतील जवळजवळ प्रत्येक सरकारी व्यासपीठावरून तरुणांना ऐकवण्यात आला. ‘स्टार्टअप इंडिया’चा कृती आराखडा १६ जानेवारी २०१६ रोजी विज्ञान भवनात जाहीर झाला. तेव्हापासून २०२५ च्या आरंभापर्यंत दीड लाखांहून अधिक नवउद्योगांना केंद्र सरकारची मान्यता मिळाली आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला राहिला. नोकरीपेशा हीच ज्याची ओळख मानली गेली, त्या मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हे. मात्र त्यावरून ‘जुनी पिढी भित्री, नवी पिढी धाडसी’ असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो तपासून पाहिला पाहिजे.

दिल्लीत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांची घडण केंद्रीय मंत्रालये, संरक्षण खाते, रेल्वे आणि सार्वजनिक उपक्रम यांतील नोकऱ्यांवर झाली. त्या नोकरीने नियमित वेतन दिले, सरकारी निवासस्थान दिले. पण तिची खरी देणगी होती ती हमीचे निवृत्तिवेतन. ज्या घरात आईवडिलांच्या म्हातारपणाची तजवीज झालेली आहे, त्या घरातील मुलाकडून पहिल्याच पगाराची अपेक्षा कोणी करत नाही. दोन-तीन वर्षे बिनउत्पन्नाची काढून, प्रसंगी हात पोळून घेऊन, तो पुन्हा उभा राहू शकतो. मुलाचे धाडस आणि वडिलांची सावधगिरी या परस्परविरोधी वृत्ती नव्हेत. पहिली दुसरीच्या आधारावर उभी आहे.

याच पिढीचे दुसरे चित्र राजिंदर नगर आणि मुखर्जी नगरच्या गल्ल्यांत दिसते. नागरी सेवांच्या २०२२ च्या परीक्षेसाठी ११ लाख ३५ हजारांहून अधिक अर्ज आले. अंतिम शिफारस झाली ती ९३३ जणांची. ‘सारथी’, ‘बार्टी’ यांसारख्या संस्थांच्या साह्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांतून येथे येणाऱ्या मुलामुलींचे वय नवउद्योजकांचेच आहे. त्यांच्यात धमक कमी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. घरात कोरडवाहू शेती आणि डोक्यावर कर्ज असेल, तर सरकारी नोकरी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. सुरक्षितता ज्यांच्या घरात आहे ते ती सोडू शकतात. ज्यांच्या घरात नाही ते तिच्यासाठी ऐन उमेदीची वर्षे पणाला लावतात. भेद पिढ्यांचा नाही, पाठबळाचा आहे.

मराठी उद्योगाचा इतिहासही हेच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापनाची नोकरी सोडली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी जमीन आणि आर्थिक साह्य देऊन त्यांना उभे केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, हा तिचा उत्तरार्ध मात्र अनेकदा गाळला जातो. धाडस उद्योजकाचे होते. त्याच्या मागे उभे राहण्याची जबाबदारी राज्यकर्त्याने उचलली होती.

आजचे राज्यकर्ते आकड्यांवर समाधान मानताना दिसतात. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारी होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ५८.४ टक्के झाले. उद्योजकतेची लाट म्हणून ही वाढ दाखवता येईल. परंतु याच काळात घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन राबणाऱ्यांचे प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे जवळजवळ सगळी वाढ बिनपगारी मदतनिसांची आहे. नियमित पगारदार २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरले. ज्याला पगारी काम मिळाले नाही, त्याला उद्योजक म्हणणे ही शब्दांची उधळपट्टी आहे.

अधिक गंभीर प्रश्न पुढचा आहे. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. त्या वर्षी पंचविशीत केंद्राच्या सेवेत शिरलेला कर्मचारी २०३९ च्या सुमारास निवृत्त होईल. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी जुन्या योजनेसाठी संपावर गेले. हिमाचल प्रदेशच्या २०२२ च्या निवडणुकीत हाच विषय गाजला. अखेर १ एप्रिल २०२५ पासून केंद्राला एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणावी लागली. संघटित मतदार सरकारला काही पावले मागे घ्यायला लावतो, हे यातून दिसले. असंघटित स्वयंरोजगाऱ्याच्या वाट्याला २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे. तिच्यातील हमी साठीनंतर दरमहा कमाल ५ हजार रुपयांची; शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना तिचे दार बंद. धंदा थोडा चालू लागला की हीही हमी नाही, असा हा न्याय आहे.

तेव्हा भाषणांऐवजी सरकारने करायचे ते असे. स्वयंरोजगाऱ्यासाठी अर्थपूर्ण, नोकरी-धंदा बदलला तरी सोबत राहणारे सामाजिक संरक्षण उभारावे. लघुउद्योजकाचे देणे ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्यातच आहे; ते सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आधी स्वतः पाळावे, कारण उशिरा मिळालेल्या देयकापायी चांगला चाललेला धंदाही बुडतो. आणि प्रामाणिकपणे बुडालेल्याला दुसऱ्यांदा बँकेची पायरी चढता यावी, अशी पतव्यवस्था हवी.

एका पिढीने पै-पै राखून मिळवलेल्या स्थैर्यावर दुसरी पिढी झेपावली, यात गैर काही नाही. पण ते स्थैर्य आटल्यावर जोखीम घेण्याचा अधिकार केवळ श्रीमंतांच्या मुलांकडे उरणार असेल, तर ‘नोकरी देणारे व्हा’ हा उपदेश राहणार नाही. ती राज्यसंस्थेने आपल्या जबाबदारीतून काढलेली पळवाट ठरेल.