स्वीडन २०२२ : दोन शतकांच्या परंपरेला विराम

१८१४ नंतर एकाही युद्धात न उतरलेल्या स्वीडनने २०२२ साली अवघ्या बारा आठवड्यांत आपल्या सुरक्षा धोरणाची दिशा बदलली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि १८ मे रोजी स्वीडनने फिनलंडसह उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या, म्हणजेच नाटोच्या, सदस्यत्वासाठी ब्रुसेल्स येथे अर्ज सादर केला.

हा बदल सहज घडला नाही. सत्तारूढ सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने नोव्हेंबर २०२१ मधील अधिवेशनात लष्करी गटांपासून अलिप्त राहण्याच्या भूमिकेचा पुनरुच्चार केला होता. ८ मार्च २०२२ रोजीही पंतप्रधान मॅग्डालेना अँडरसन यांनी, या वेळी अर्ज केल्यास उत्तर युरोपातील अस्थिरता वाढेल, असे मत मांडले होते. मात्र रशियाशी सुमारे १,३०० किलोमीटरची सीमा असलेला फिनलंड नाटोकडे झुकू लागला, तेव्हा बाल्टिक समुद्राच्या परिसरात एकाकी पडण्याची भीती स्टॉकहोमला वाटू लागली. १५ मे रोजी सत्तारूढ पक्षाने आपली भूमिका बदलली.

स्वीडनची अलिप्तता भारताला अपरिचित नव्हती. मे १९८४ मध्ये अण्वस्त्रस्पर्धा थांबवण्याचे आवाहन करणाऱ्या सहा देशांच्या नेत्यांत इंदिरा गांधी यांच्यासमवेत स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे होते. पुढील जानेवारीत याच गटाची परिषद दिल्लीत भरली. कोणत्याही लष्करी गटात नसल्यामुळे स्वीडनच्या शब्दाला वजन लाभत असे. अण्वस्त्रांच्या छत्राखाली आल्यानंतर ते तितकेच राहील काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

अर्थात, १९९५ पासून युरोपीय संघाचा सदस्य असलेला आणि अफगाणिस्तानात नाटोच्या मोहिमेत सैनिक पाठवणारा स्वीडन पूर्णतः तटस्थ कधीच उरला नव्हता. खरा फरक पडला तो निर्णयस्वातंत्र्यात. नव्या सदस्याच्या प्रवेशास नाटोच्या सर्व सदस्यांची संमती आवश्यक असते आणि तुर्कस्तानने ती रोखून धरली. कुर्द संघटनांना स्वीडन आश्रय देतो, असा त्याचा आक्षेप होता.

या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण जूनमध्ये दिसले. ७ जूनला न्यायमंत्र्यांविरुद्धचा अविश्वास ठराव केवळ एका मताने फेटाळला गेला. ठरावाच्या बाजूने १७४ मते पडली. १७५ आवश्यक होती. ठराव संमत झाल्यास राजीनामा देण्याचा इशारा सरकारने दिला होता. मूळच्या इराणमधील कुर्द, अपक्ष सदस्य आमिना काकाबावे तटस्थ राहिल्याने सरकार तरले. सीरियातील कुर्दांच्या पक्षाशी सहकार्य वाढवण्याचे आश्वासन सत्तारूढ पक्षाने त्यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये दिले होते. परंतु २८ जूनला माद्रिद येथे तुर्कस्तान आणि फिनलंडसमवेत झालेल्या समझोत्यात, त्याच पक्षाला साहाय्य न करण्याचे स्वीडनने मान्य केले.

युरोपीय संघाचे सदस्यत्व आणि युरो चलन या दोन्ही प्रश्नांवर, अनुक्रमे १९९४ आणि २००३ मध्ये, स्वीडनने सार्वमत घेतले होते. नाटोबाबत ते घेतले गेले नाही. डावा पक्ष आणि ग्रीन पक्ष यांचा विरोध असला, तरी प्रमुख पक्षांत एकमत झाल्याने ११ सप्टेंबरच्या निवडणुकीतही हा विषय मागे पडला. टोळ्यांची गुन्हेगारी आणि विजेचे दर हेच मुद्दे गाजले. उजव्या आघाडीला १७६, तर विरोधी आघाडीला १७३ जागा मिळाल्या. २०.५ टक्के मते मिळवणारा स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅट्स पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला आणि त्याच्या पाठिंब्याने १७ ऑक्टोबरला उल्फ क्रिस्टरसन पंतप्रधानपदी निवडून आले.

फिनलंडला एप्रिल २०२३ मध्ये सदस्यत्व मिळाले; स्वीडनला मात्र ७ मार्च २०२४ पर्यंत थांबावे लागले. रशियाच्या आक्रमणाने निर्माण केलेली भीती खरी होती आणि तिच्यावर शोधलेला उपायही समजण्याजोगा होता. तथापि, दोन शतकांच्या धोरणाचा त्याग करताना जनतेचा थेट कौल घेतला गेला नाही आणि त्याची पहिली किंमत कुर्दांना दिलेल्या शब्दाने चुकवावी लागली. २०२२ या वर्षाचे मूल्यमापन करताना सुरक्षेच्या लाभाइतकीच या दोन गोष्टींचीही नोंद घ्यावी लागेल.