दिवा सगळ्यात शेवटी

आमच्या चिरंजीवांना घरात समुद्र आणायचा आहे. म्हणजे खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची टाकी. रीफ टँक म्हणतात तिला. हौसेला माझा विरोध नाही, गोड्या पाण्यातले मासे मीही वर्षानुवर्षं पाळले आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या स्नेह्यांची खारी टाकी ते गावाला गेले की मीच सांभाळतो. माझं भांडण आहे ते दुकानदाराने दिलेल्या सामानाच्या यादीशी. मंडळी, ती यादी उलटी लिहिलेली आहे!

पहिल्या क्रमांकावर दिवा. एलईडी, मोबाईलवरून रंग बदलणारा. त्याखाली काचेची टाकी, मग कपाट. पाण्यासाठी सातव्या ओळीत "मीठ, १ बादली" एवढंच. विजेचं नावही नाही. दिवा दुकानात लावून दाखवता येतो, म्हणून तो वर. पाणी काय दाखवणार?

पण प्रवाळ राहतं ते पाण्यातच. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असू शकतं, म्हणून आरओचं पाणी घ्यायचं हे सगळे सांगतात. घरातला प्यायचा आरओ चालेल का? नाही. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात, आणि हल्ली तर तांब्याचा गुण घातलेले प्युरिफायर निघाले आहेत. माणसाला ते मानवत असेल, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबं म्हणजे विष. तेव्हा आरओच्या पुढे डीआय रेझिनचा डबा हवा आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. यादीत पहिलं हे लिहा. दुसरं, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो तपासायला हजारी ३५ चं प्रमाण द्रावण. काट्याचा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर दुकानदार फुकट देत असेल तरी घेऊ नये.

आता टाकीचा आकार. "बाबा, आधी लहान ४० लिटरची घेऊ, जमली तर मोठी." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण गणित करून बघा. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. उन्हाळ्यात १ लिटर पाणी उडालं तर ४० लिटरच्या टाकीत ३५ चा खारटपणा जवळजवळ ३६ वर जातो. २०० लिटरच्या टाकीत तो ३५.२ सुद्धा होत नाही. नवशिक्याची चूक मोठं पाणी पोटात घालतं, लहान पाणी घालत नाही. आणि भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. हे मी स्नेह्यांच्या कामवाल्या मावशींना समजावलं ते त्यांना पहिल्या झटक्यात कळलं. चिरंजीव इंजिनियर आहेत, वेळ लागेल.

उष्णतेबद्दल तर यादी लिहिणाऱ्याला पुण्याचा मे महिना माहीतच नसावा. ही टाकी साधारण २४ ते २७ अंशांत ठेवायची असते. आमच्या हॉलमध्ये दुपारी ३३ असतं. पुण्याची हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर पंखा सोडला की वाफेबरोबर दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत तेवढे उतरत नाहीत, तिथे चिलरला पर्याय नाही. पुण्यातही एप्रिल-मेसाठी तो लागेलच, आणि तो बंद कपाटात कोंबायचा नाही, कारण तो पाण्यातली उष्णता काढून बाहेरच टाकतो.

आणि वीज गेली की? पंप थांबला की पाणी हलत नाही, प्राणवायू उतरतो, आणि पाणी जितकं गरम तितका तो मुळातच कमी. म्हणून पंपासाठी वेगळा इन्व्हर्टर. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. निम्मेच हाती लागतात असं धरलं तरी ४० वॅटचे पंप वीसेक तास चालतील. चिलर त्यावर लावायचा नाही, नाहीतर सगळंच लवकर बसेल. मोबाईलवरून रंग बदलणाऱ्या दिव्याच्या पैशांत हे सगळं येतं, असा माझा अंदाज आहे.

स्किमर घ्या. आमटीवरचा फेस काढतो तसा तो पाण्यातली घाण फेसातून काढतो. त्याबद्दल तक्रार नाही.

आता दिवा. तेवढा प्रखर दिवा लागतो तो मुख्यतः दगडी प्रवाळांना. तेच सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ओढतात, म्हणून मग डोसिंग पंप, मग आणखी टेस्ट किट. पण हे सगळे दगडी प्रवाळ २००१ सालापासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत! समुद्रपंखा, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळही त्यातच, आणि समुद्रघोडेसुद्धा. "हा माल परदेशी आहे" असं दुकानदार म्हणाला तर आयातीचे कागद मागावेत. समुद्रातून काढलेला 'जिवंत खडक' म्हणून जो विकतात, तोही पुष्कळदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली झालं, तिथलं प्रवाळ आपल्या दारचं. कुणाच्या हॉलसाठी ते फोडलं जात असेल, तर त्या हौसेत मी बसणार नाही, मग हॉल माझा असला तरी. बनवलेला सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा खडक आणून बाटलीतले जिवाणू घालावेत आणि चार-सहा आठवडे अमोनिया, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत वाट बघावी.

मश्रूम आणि झोआन्थिड ही मऊ मंडळी त्या यादीत नाहीत, आणि त्यांना साधा, मध्यम दिवा पुरतो. म्हणजे यादीतली सगळ्यात महाग वस्तू मुळात गरजेचीच नाही. फक्त झोआन्थिडमधल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, म्हणून हातमोजे, चष्मा, आणि नातवाचा हात टाकीत नाही. खडक धुवायला गरम पाणी तर मुळीच नाही, वाफेतूनही ते बाधतं.

एक मुद्दा राहिला. दोघंही नऊला ऑफिसला जातात. वाफेची भर, दुपारचं तापमान, वीज गेल्यावर धावणं हे मी करणार आहे, तेव्हा यादीही मीच करणार. रत्नागिरीच्या मंडळींनी मे महिन्यात दुपारी तीनला बादलीतल्या पाण्याचं तापमान घेऊन मला कळवावं. चिलर केवढा लागतो ते तुमच्याकडच्या आकड्यावरूनही ताडून बघायचं आहे.