शाळा कोणाची? साताऱ्यातील एका सामाईक स्वयंपाकघराचा धडा

१/ शाळा निवडताना आज आपण काय विचारतो? शुल्क किती, सुविधा कोणत्या, माझ्या मुलाला काय मिळेल? प्रश्न गैर नाहीत. मात्र ते ग्राहकाचे आहेत. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात एका माणसाने निराळा प्रश्न विचारला होता : आपली सगळ्यांची मुले एकत्र कशी शिकतील? त्याविषयी हा धागा.

२/ ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात तिचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळाले.

३/ या नावाला अर्थ होता. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यांतल्या मुलांना शहरात आसरा मिळाला. भाऊराव स्वतः तिथल्या जैन वसतिगृहात राहिले होते. साताऱ्यात त्यांनी पुढचे पाऊल टाकले : सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी.

४/ ही चूल पेटती कशी राहिली? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही. गावकऱ्यांनी घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढले. मुलांनी श्रम केले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच परंपरेतली.

५/ माझ्या मते खरा धडा इथे आहे. शुल्क भरणाऱ्याचा संबंध पावतीपाशी संपू शकतो. मूठभर धान्य देणाऱ्याचा संपत नाही, कारण त्या धान्याची भाकरी शेजाऱ्याचे मूलही खाते. आपल्या मुलाइतकीच त्या मुलाच्या शिक्षणाची काळजी वाटू लागते, तेव्हा शाळा गावाची होते.

६/ तरीही जुन्या गावाचे गोडवे गाऊ नयेत. ‘गावाची शाळा’ म्हणवणाऱ्या कित्येक शाळांत दलित मुलांना वर्गाबाहेर बसावे लागे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्यासाठी शाहू महाराजांना १९१९ मध्ये हुकूम काढावा लागला. समाज आपोआप एकत्र बसत नाही. त्याला एका पंगतीत आणावे लागते.

७/ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी किमान २५ टक्के प्रवेश राखून ठेवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. हा वाद जागा आणि पैसे यांच्या हिशेबापुरता राहू नये. शेजारच्या बाकावर कोण बसते, हेही शिक्षणच आहे.

८/ आपल्या मुलासाठी चांगली शाळा शोधणाऱ्या आईबापांना दोष देता येणार नाही. मुलाचे एक वर्ष वाया गेले तर ते परत येत नाही. पण सोय असलेले सगळेच निघून गेले, तर उरलेल्या शाळेसाठी बोलणार कोण? तुमच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी असेल, तर एकदा थांबून वाचा. कोणी जमीन दिली असेल, कोणी विटा. त्यांतल्या अनेकांनी ते स्वतःच्या मुलांपलीकडे पाहून दिले होते. त्या पाटीखाली आता आपले नाव कशासाठी लिहिले जावे, हे आपण ठरवायचे आहे.