खांबावर चढणारा कोण आणि सहीचा धनी कोण?

करमाडच्या शिवारात एक खेळ दरसाल होतो, आणि तो पाहण्यास तिकीट पडत नाही. ऐन पाण्याच्या पाळीला डी.पी.चा फ्यूज जातो. पाच-पंचवीस विहिरींवरच्या मोटारी एकदम मुक्या होतात. अद्रकाचे वाफे कोरडे, मका माना टाकतो. लाइनमनच्या वाट्याला इतकी गावे की तो देवासारखा, आठवला म्हणून येत नाही. मग कोणी तरी म्हणतो, "अरे, त्या पोराला हाक मारा." पोरगा येतो. पायात रबरी चपला, हातात पक्कड, खिशात तारेचे भेंडोळे. फोनवरून कोणी सांगतो की लाइन बंद आहे, आणि त्या शब्दावर तो खांबावर चढतो. मोटारी सुरू झाल्या तर चहा आणि पन्नासाची नोट. लाइन बंद नसली तर त्या घरचा कर्ता पोरगा गेला.

या पोराला खेडोपाडी नाव आहे "झिरो वायरमन". शेतकरी बांधवांनो, या नावाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तो कोणाच्या हजेरीपटावर नाही, म्हणून शून्य. पगार नाही, विमा नाही, हातमोजा नाही. तो मेला तर कोणत्याही दप्तरातला एक आकडाही कमी होत नाही. २०२१ साली या देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांवर माणसे मेली, असे सरकारचेच गुन्हे-नोंदणी खाते सांगते. त्यात असे शून्य किती, हे कोण मोजणार?

आम्ही विचारतो, हा पोरगा शून्य कशाने झाला? छाती त्याला आहे. अक्कल तर इतकी की मोटारीचा नुसता घुमणारा आवाज ऐकून कोणता फेज गेला ते तो सांगतो. लोहाराच्या घरचा असेल तर भात्यापाशी बसून, सुताराच्या घरचा असेल तर रंध्यापाशी बसून त्याचा हात लहानपणीच वळला आहे. उणे आहे ते दोन वर्षांचे शिक्षण आणि एक कागद.

तो कागद काय करतो ते पाहा. १९५६ च्या वीज नियमांपासून २०२३ च्या नव्या नियमांपर्यंत कायदा एकच सांगत आला आहे की, ग्राहकाकडचे विजेचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, जाणत्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवान्याच्या माणसाकडून करून घ्यावे. कायदा चांगला आहे. परंतु गावात त्याचे काय होते? विहिरीवर नवी जोडणी घ्यायची तर टेस्ट रिपोर्ट लागतो. फिटिंग करतो आपला पोरगा, आणि सही करतो शहरातला परवानाधारक, ज्याने ती विहीर स्वप्नातही पाहिलेली नाही. सहीचे पैसे त्याला, धक्का आपल्याला. पूर्वी आंगठा आपला आणि लेखणी दुसऱ्याची होती. आता पक्कड आपली आणि परवाना दुसऱ्याचा. एवढीच काय ती सुधारणा!

यावर उपाय दूर नाही. सरकारी आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचा अभ्यास दोन वर्षांचा आहे. तारतंत्रीचाही दोनच वर्षांचा. वीजतंत्रीला दहावी पास पोरगा किंवा पोरगी बसते. (पोरगीसुद्धा, हे मुद्दाम लिहितो, मुलगी म्हटली की शिवणकलेचा अर्ज पुढे करणारे आपल्यातच पुष्कळ आहेत.) तेथे भूसंपर्कन कशासाठी ते कळते, मेगरने इन्सुलेशन तपासता येते, जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग भरता येते, स्टार्टर, रोहित्र, कंट्रोल पॅनेल, सौर पंप यांची ओळख होते. मुख्य म्हणजे लाइन बंद आहे असे कोणी सांगितले म्हणून हात घालायचा नाही, स्वतः तपासून, तार जमिनीला जोडून मगच घालायचा, हे अंगवळणी पडते. पुढे १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवारी करता येते. अनुभवाची व परीक्षेची अट पुरी केली की तारतंत्रीचा परवाना, मग पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र, मग कंत्राटदारी. म्हणजे सहीच आपली!

पण आमच्या घरोघरी काय चालले आहे? आय.टी.आय. म्हणजे नापासांची शाळा, असे म्हणून नाक मुरडतात. पोराला इंजिनियर म्हणवून घेण्यासाठी एक एकर विकतात आणि अशा खासगी कॉलेजात घालतात की जेथे प्रयोगशाळेला बारा महिने कुलूप. चार वर्षांनी पोरगा पदवी घेऊन येतो आणि घरचा स्टार्टर उघडण्यास त्याच झिरो वायरमनला हाक मारतो. जमीन गेली आणि विद्याही आली नाही. अमेरिकेत याच विद्युत तंत्राची दोन वर्षांची कॉलेजची पदवी असते, आणि ती पदवी म्हणूनच गणली जाते. आम्हांला मात्र दोन वर्षांची लाज वाटते.

आता दुसरे शहाणे. हे शहरात राहतात आणि गोड बोलतात. "हातातले कौशल्य हेच तुमचे धन; पदव्यांच्या मागे कशाला लागता?" असा उपदेश ते सभेत करतात, आणि स्वतःच्या मुलाला परदेशी पाठवण्याच्या कर्जाचे कागद घरी तयार असतात. या उपदेशाला जोतीरावांनी १८८२ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले की, कर भरतो रयत आणि त्या पैशावर वरच्या वर्गाची मुले वरचे शिक्षण घेतात. खेड्यातल्या शाळेचा शिक्षक शेतकरी वर्गातला, वेळ पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरणारा असावा, अशी त्यांची मागणी होती. कंत्राटदारी केलेला तो माणूस; हाताची विद्या आणि डोक्याची विद्या वेगळ्या काढणाऱ्यांची लबाडी त्याला पक्की ठाऊक होती.

म्हणून आमचे म्हणणे असे की, दोन वर्षांची शाळा ही पायरी आहे, तिला कोणी कोंडवाडा करू नये. दहावीनंतर दोन वर्षांची आय.टी.आय. पास झालेल्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तेथे आणखी दोन वर्षांत पदविका. पदविकेवरून इंजिनियरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तोवर हाताला काम आहे आणि एकर शाबूत आहे. ही वाट किती मास्तरांनी किती पोरांना सांगितली?

आणि करमाडकरांनी तर हे दुप्पट जोराने विचारावे. शेंदरा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांची औरिक नगरी उभी राहत आहे. २०१९ साली तिचे थाटात लोकार्पण झाले. ती जमीन काही आकाशातून पडलेली नव्हती, ती शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरून गेली. त्या कारखान्यांच्या पॅनेलपुढे कोण उभा राहणार? की आपल्या पोरांना कंत्राटदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून गेटवर उभे करायचे आणि पावती देऊन गप्प बसवायचे? १९४३ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा आग्रह धोरण समितीपुढे धरला. वीज आली, तिच्यावरची सत्ता अजून आली नाही.

सरकारलाही सोडता येत नाही. ज्या आय.टी.आय.त निदेशकाची जागा रिकामी आणि मोटार गंजलेली, तेथून निघालेला पोरगा म्हणजे कागद असलेला शून्यच.

तूर्त एवढे करा. पुढच्या ग्रामसभेत गावातल्या खांबावर कोण कोण चढतो त्यांची नावे मोठ्याने वाचा आणि इतिवृत्तात लिहवा. ज्यांची दहावी झाली आहे त्यांचे प्रवेशाचे अर्ज निकाल लागताच भरा. ज्यांची राहिली आहे त्यांना परीक्षेला बसवा. आणि तोवर डी.पी.चा फ्यूज गेला तर दोन दिवस मका वाळू द्या, वीज कंपनीच्या कचेरीपुढे पंचवीस जण जाऊन बसा, पण त्या पोराला हाक मारू नका.