चाकांवरची चढाई

वर्सोव्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. वय चौतीस, घरी सासूसासरे, दीर-जाऊ व दोन मुले. इमारतीच्या आवारात मुलांना स्केटिंग शिकविता शिकविता त्या स्वतःही चाकांवर उभ्या राहिल्या, आणि आता काही मैत्रिणी जमवून ‘रोलर डर्बी’ या खेळाचा संघ करावा असे त्यांच्या मनाने घेतले आहे. वडील मंडळी विचारतात, ‘हा काय प्रकार?’ तेव्हा खेळाचे नियम सांगावे व आपले मतही द्यावे, अशी त्यांची विनंती आहे. दोन्ही गोष्टी क्रमाने करू.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. १९३५ साली शिकागो येथे लिओ सेल्ट्झर या गृहस्थांनी तो सुरू केला, तेव्हा ती चाकांवरची लांब पल्ल्याची शर्यत होती. पुढे, लोकांस धावण्यापेक्षा धक्काबुक्कीच अधिक रुचते असे दिसून आल्यावर तिला आजच्यासारखे सांघिक रूप आले. कालांतराने खेळ मागे पडला. २००१ च्या सुमारास टेक्सास प्रांतातील ऑस्टिन शहरी स्त्रियांनी तो पुन्हा उभा केला. आज त्याचे नियम ठरविणारी प्रमुख संस्था स्त्री-खेळाडूंचीच आहे.

ज्यांस कबड्डी ठाऊक आहे त्यांस हा खेळ समजण्यास अडचण पडू नये. मैदान लंबवर्तुळाकार व सपाट. दर संघाच्या पाच जणी एका वेळी उतरतात. त्यांतील एक ‘जॅमर’, म्हणजे आपली चढाई करणारी; तिच्या शिरस्त्राणावर तारा असतो. उरलेल्या चौघी ‘ब्लॉकर’, म्हणजे बचावाच्या. दोन्ही संघांच्या ब्लॉकर पुढे एकत्र उभ्या राहतात व जॅमर त्यांच्या मागे. शिटी झाली की जॅमरने त्या घोळक्यातून वाट काढावयाची. पहिल्या फेरीस गुण नाही. मैदानास वळसा घालून ती पुन्हा येते तेव्हा प्रतिपक्षाची जितक्या जणींस नियमाने ओलांडील तितके गुण.

कबड्डीत चढाई आणि बचाव आळीपाळीने होतात. येथे दोन्ही एकाच वेळी. त्याच चौघींनी परक्या जॅमरला अडवावयाचे आणि आपलीला वाट करून द्यावयाची, यात खेळाची सारी खुबी आहे. जी जॅमर घोळक्यातून नियमाने प्रथम बाहेर पडते तिला एक अधिकार मिळतो: कमरेवर हातांनी वारंवार थोपटून ती वाटेल तेव्हा डाव थांबवू शकते. एरवी डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. मग ३० सेकंद विश्रांती व पुढचा डाव. असा ३०-३० मिनिटांच्या दोन भागांत सामना पुरा होतो.

आता धक्क्याविषयी, कारण घरच्यांचा खरा आक्षेप तेथे आहे. धक्का द्यावयाचा तो खांदा, दंड, धड वा कंबर यांनीच. कोपर मारणे, हाताने ढकलणे, पाय घालून पाडणे, पाठीत वा डोक्यावर आघात करणे हे सर्व गुन्हे आहेत. गुन्हा घडताच ३० सेकंद बाहेर बसावे लागते. सातव्या गुन्ह्यास सामन्यातून रजा. सात पंचांपर्यंत मंडळी स्वतः चाकांवर फिरून हे पाहतात. ज्या खेळात धक्का कोठे द्यावा व कोठे देऊ नये हे इतक्या बारकाईने ठरले आहे, त्यास दांडगाई म्हणणे न्यायाचे होणार नाही.

नवशिक्या स्त्रीस प्रथम धक्का शिकवीत नाहीत, पडावयास शिकवितात. गुडघे दुमडून, गुडघ्यांच्या ढालींवर, अंग आवरून पडावे. हात पसरू नयेत, बोटे मुठीत घ्यावी, नाही तर मागून येणारीची चाके त्यांवरून जातील. आणि लगेच उठावे. मग थांबणे, मग वेग, आणि शेवटी अंगाशी अंग. शिरस्त्राण, दातांचे आवरण, मनगट, कोपर व गुडघे यांच्या ढाली ही साधने सक्तीची. इतके करूनही घोटा मुरगळतो, क्वचित हाडही मोडते. हे आम्ही लपवीत नाही.

परंतु स्त्रियांनी अंगाशी अंग भिडवून खेळणे आपणांस नवे नाही. २०१२ साली पाटण्यास झालेल्या स्त्रियांच्या कबड्डी विश्वचषकात भारत विजयी झाला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ व सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या स्त्री-संघाने जिंकला, त्याचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे यांचे होते. आणि आपल्या घरची मंगळागौर? फुगडी, झिम्मा, पिंगा यांत घाम गाळणाऱ्या सुनेचे कौतुक सासूच करीत आली आहे. फरक एवढाच की तो खेळ लग्नानंतरच्या पाच वर्षांतल्या श्रावणी मंगळवारांपुरता. तेव्हा सून खेळते याचा कधी कोणास विषाद वाटला नाही. ती दर आठवड्यास खेळू लागली, तरच प्रश्न उपस्थित होतो.

म्हणून आम्हांस वाटते, हाड मोडण्याची भीती ही पुढे केलेली सबब आहे. खरी अडचण संध्याकाळच्या दोन तासांची आहे. सराव आठवड्यातून दोनदा धरला, तर त्या दोन संध्याकाळी पोळ्या कोणी लाटावयाच्या आणि मुलांचा अभ्यास कोणी घ्यावयाचा, हे ठरल्यावाचून संघ उभा राहणार नाही. एकत्र कुटुंबाचा हाच तर उपयोग आहे की एकाच्या कामाचा भार दुसरा उचलतो. घरातील पुरुषांच्या क्रिकेटसाठी रविवारची सकाळ आपण कधीच मोकळी करून दिली आहे. तोच हिशेब सुनेस लावावा.

आमच्या भगिनींस दोन व्यावहारिक सूचना. वर्सोव्याची वाळू चाकांच्या कामाची नाही आणि तेथील रस्ते रहदारीचे; तेव्हा गुळगुळीत फरशीची, छप्पर असलेली जागा पाहावी, कारण पावसाळ्यात उघडे आवार निसरडे होते. समुद्राच्या खाऱ्या हवेने चाकांतील बेअरिंग लवकर गंजतात. सरावानंतर ती पुसून तेल द्यावे. आणि गुण लिहावयास व शिक्षेची वेळ मोजावयास चाकांवर न चढणारी माणसेही लागतात. जाऊबाईंस हौस असेल तर ते काम त्यांनी घ्यावे. सासूबाईंस सरावास एकदा घेऊन जावे, सून पडते कशी आणि उठते कशी हे त्यांनी स्वतः पाहावे, आणि मग काय तो निर्णय द्यावा.