एका गळ्याला खोबणी किती?

सध्या आमच्या महाविद्यालयातल्या निदान दहाबारा जणांच्या घरी ‘स्टुडिओ’ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तर कपाटाच्या दारावर टाकलेली एक जाड गोधडी, एक माईक, एक लॅपटॉप आणि या दोहोंच्या मध्ये बसणारी एक डबी. या डबीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माईककडून येणारा विजेचा अगदी क्षीण प्रवाह ती वाढवते, त्याचे आकडे करून संगणकाच्या हवाली करते आणि संगणकातले आकडे पुन्हा आवाज करून आपल्या कानांकडे धाडते. काम एवढेच. पण ही डबी कोणती घ्यावी यावरून कँटीनमध्ये जेवढी खडाजंगी होते तेवढी निवडणुकीवरूनही होत नाही.

वादाचे मुद्दे ठरलेले. खोबणी किती आणि सँपल रेट किती? स्थळ बघायला गेलेल्या मंडळींनी मुलाचा स्वभाव सोडून एकरच मोजत बसावे, तशातला हा प्रकार आहे. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठ माईक लागतील अशी एक जुनी डबी विकत घेतली. शिकवण्या करून साठवलेले सगळे पैसे तीत घातले. आठ कशाला? उद्या आपला वाद्यवृंद निघाला तर, हे उत्तर तयार होते. प्रत्यक्षात मला मुद्रित करायच्या होत्या माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. गळा एक, जाते एक. आठापैकी सहा खोबण्या जन्मभर रिकाम्या राहणार हे शेंबड्या पोरालाही कळले असते. मला कळले नाही.

माण तालुक्यातल्या आमच्या गावी ती डबी घेऊन गेलो. माझ्या लॅपटॉपवरील नव्या विंडोजला तिचा ड्रायव्हर चालेना, कारण कंपनीने ते मॉडेल केव्हाच वाऱ्यावर सोडले होते. खटपट करून ती एकदाची लागली, तोच वीज गेली. डबीला स्वतःचा अडॅप्टर, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी भरलेली असून उपयोग शून्य. आजी जात्याशी बसून दोनदा म्हणाली, “लागलं का रं तुझं यंत्र?” शेवटी मी खिशातला फोन काढला आणि जात्याशेजारी ठेवला.

फोनने त्याच्या बुद्धीप्रमाणे काम केले. तो बोलण्यासाठी घडवलेला. सलग चालणारी घरघर म्हणजे गोंगाट असे समजून त्याने जात्याचा आवाज कापायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर आजीच्या ओळींची शेवटची लांबवलेली अक्षरेही कापली. ओवीचा ठेका जात्याच्या फेऱ्यातून येतो; जाते काढून घेतले की बाई नुसती बोलते आहे असे वाटते. २०२४ च्या उन्हाळ्यात आजी गेली. माझ्यापाशी चाळीस मिनिटे आहेत, आणि त्यांत जाते नाही.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. शब्द वहीत उतरतात. स्वर वहीत उतरत नाही, त्याला यंत्र लागते, आणि ते यंत्र ऐन वेळी चालावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे की, डबी घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : माझ्यापुढे एकाच वेळी किती आवाज असणार? नंतर वेगवेगळे मुद्रित करून एकत्र करता येतात ते आवाज यात धरायचे नाहीत. स्वतःच पेटी वाजवून गाणारा असेल तर दोन. जोडीला तबला आला तर दायाँ आणि डग्गा धरून चार. अभिवाचनाला एक. आठ लागतात ते ड्रमसेटला, आणि आमच्या आळीत तरी तो कोणाकडे नाही. (ढोलताशांचा विचार करणाऱ्यांनी घरातल्या स्टुडिओचा नादच सोडावा.) १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले ते एका कर्ण्यातून, तेव्हा ध्वनिमुद्रणात माईकच नव्हता. आपणही कर्ण्यात तोंड घालून गावे असे मी म्हणत नाही. पण कमी तोंडांच्या यंत्रापुढे नीट बसणे ही विद्याच आहे, ती विकत मिळत नाही.

दुसरा प्रश्न गेनचा, म्हणजे आवाज वाढवण्याच्या ताकदीचा. इथे खरोखर फरक पडतो. कंडेन्सर माईक ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो आणि बऱ्यापैकी जोरकस संदेश देतो. सभेतल्या साध्या डायनॅमिक माईकचा संदेश त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो. हळू गाणारी म्हातारी बाई, समोर डायनॅमिक माईक आणि कमकुवत प्रीअँप असा योग जुळला की बटण शेवटापर्यंत फिरवावे लागते आणि गाण्यामागे पाऊस पडत असल्यासारखी सुरसुर येते. अशा माईकसाठी साठ डेसिबल स्वच्छ गेन नसेल तर पुढची चर्चाच नको.

सँपल रेटबद्दल फार लिहीत नाही. माणसाचा कान वीस हजार कंपनांच्या वर ऐकत नाही, आणि सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ हा दर तेवढ्याला पुरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवले तर एका माईकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते. १९२ ला चौपट. एवढे करून त्या चौपट जागेत काय भरते, तर पंख्याचा आवाज! २४ बिटचा मात्र आग्रह धरावा. त्यामुळे पातळी थोडी खाली ठेवून मुद्रण करता येते आणि गाणारीने अचानक सूर चढवला तरी आवाज फाटत नाही.

लेटन्सीचा मात्र गायकांनी जरूर विचार करावा. आपला आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत बारा मिलिसेकंद गेले, तर चार मीटरवर उभे राहून कोणी आपली नक्कल करावी तसे होते. ख्याल गाणाऱ्याच्या सुराला त्याने ओढ लागते. उपाय सोपा आहे : माईकचा आवाज संगणकात न नेता थेट हेडफोनला देण्याची सोय डबीत असते, ती आहे ना एवढे बघून घ्यावे.

आणि शेवटचा प्रश्न, जो दुकानात कोणी विचारत नाही : वेगळा ड्रायव्हर आणि भिंतीतला प्लग यांवाचून ही डबी चालते का? यूएसबीच्याच विजेवर चालणारी आणि संगणकाने आपणहून ओळखलेली डबी भारनियमनातही चालते, सोबत लॅपटॉपच्या चार्जरमुळे येणारी घुंई टाळायला चार्जर काढूनही टाकता येतो. फायरवायरच्या खोबणीसाठी लोकांनी एके काळी चांगले पैसे मोजले. आज नव्या संगणकावर ती खोबण औषधालाही सापडत नाही. महागडी म्हणून डबी टिकते असे नाही.

माझी आठ खोबण्यांची डबी निम्म्या किमतीत गेली. तिच्या जागी दोन खोबण्यांची आली आहे. गावी आजीच्या बरोबरीच्या दोघीजणी अजून आहेत. त्यांतली एक म्हणते मला काही येत नाही, दुसरी म्हणते तिला सगळे येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे ठरवले आहे. एक माईक गळ्याला, एक जात्याला. जात्याचा खुंटा तेवढा तुटला आहे, तो बसवून घ्यायला सुताराला सांगितले आहे.