चित्रपट मियाझाकींचा, किल्ली सुझुकींकडे

हायाओ मियाझाकींच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ला मार्च २०२४मध्ये ऑस्कर मिळालं. त्याआधी गोल्डन ग्लोब आणि बाफ्टाही मिळाले होते. हे तिन्ही पुरस्कार एका माणसाला दिले गेले, चित्रपटाला नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्र्याऐंशी वर्षांचा दिग्दर्शक, २०१३मध्ये निवृत्ती जाहीर करून पुन्हा कामाला बसलेला, आणि कदाचित हा त्याचा शेवटचा चित्रपट. एवढं समोर आल्यावर समीक्षकांनी पडद्याकडे पाहणंच सोडलं आणि आरती ओवाळायला घेतली.

मला याचा राग येतो, कारण चित्रपटाची सुरुवात थोर आहे. टोकियोत भोंगे वाजतात, आई ज्या रुग्णालयात आहे ते पेटलेलं असतं, आणि तिचा मुलगा महितो गर्दीतून धावतो. आजूबाजूची माणसं आगीच्या धगीत विरघळल्यासारखी होतात, रेषा रेषेत राहत नाही. मग गाव. वडिलांनी दुसरं लग्न केलं आहे, तेही आईच्या धाकट्या बहिणीशी. हुबेहूब आईसारखी दिसणारी ही नात्सुको रिक्षात महितोचा हात धरून आपल्या पोटावर ठेवते. आत बाळ आहे. मुलाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, आणि ते काहीच न उमटणं असह्य होतं. वडिलांचा विमानांचे भाग बनवण्याचा कारखाना आहे; युद्ध इतरांना मारतंय आणि या घराला पोसतंय. मियाझाकींच्या स्वतःच्या घरच्या कारखान्यातही लढाऊ विमानांचे भाग बनत. ही अपराधी सुबत्ता दाखवायला त्यांना एकही भाषण लागत नाही.

आणि मग तो दगड. शाळेतल्या मुलांशी मारामारी होते, परतताना महितो रस्त्यावरचा दगड उचलतो आणि स्वतःच्या डोक्यात घालून घेतो. भळाभळा रक्त वाहतं. पडलो, एवढंच तो घरी सांगतो. बाप संतापून शाळेवर धावून जातो. आपल्या लबाडीने दुसऱ्यांवर आळ आणणाऱ्या, दुःखाने आतून कुजत चाललेल्या मुलाचं इतकं निर्भीड चित्र मी अॅनिमेशनमध्ये दुसरं पाहिलेलं नाही. चित्रपट इथे एक कर्ज काढतो आणि ते फेडायचं त्याच्यावर बंधन येतं.

तो फेडत नाही. नात्सुको रानात नाहीशी होते, महितो तिच्यामागे तिथल्या एका बुरुजात शिरतो, आणि पुढे चमत्कारांची रांग लागते. जन्माला यायच्या आधीचे फुग्यांसारखे जीव, ते खाणारे पेलिकन, माणसं खाणारे पोपट, पोपटांचा राजा, अंतराळातून आलेला दगड. एका मरणाऱ्या पेलिकनचा प्रसंग अपवाद आहे. या समुद्रात मासे नाहीत, म्हणून आम्ही हेच खातो, असं तो सांगतो आणि महितो त्याला पुरतो. त्यात एका सबंध चित्रपटाचं बीज होतं. पण कथा तिथून उठते ती परत वळून बघत नाही. कोणत्या दारामागे काय असेल, कोणती शक्ती कुठवर चालेल, याला धरबंध उरत नाही, आणि धरबंध नसला की भीतीही उरत नाही.

मियाझाकींच्याच ‘स्पिरिटेड अवे’मध्ये असं नव्हतं. तिथे चेटकीण युबाबा नाव हिरावून घेते, काम मागितलं तर तिला नाही म्हणता येत नाही, काम केलं नाही तर माणसाचं जनावर होतं. दहा वर्षांची मुलगी हे नियम शिकते आणि त्यांच्या आधारे जगते. त्यांच्या ‘तोतोरो’त तर मांजरबस मदतीला येते तीच आजारी आईकडे मक्याचं कणीस घेऊन निघालेली धाकटी मेई हरवल्यावर. अद्भुत तिथे घरातल्या काळजीतून उगवलेलं होतं.

इथे अद्भुताचा अर्थ पडद्याबाहेर ठेवला आहे. निर्माते तोशिओ सुझुकींनी तो सांगून टाकला: महितो म्हणजे मियाझाकी, शीर्षकातला बगळा म्हणजे आपण स्वतः, आणि बुरुजात बसलेले आईचे चुलत आजोबा म्हणजे इसाओ ताकाहाता, मियाझाकींच्या स्टुडिओ घिब्लीचे सहसंस्थापक, २०१८मध्ये वारलेले. झालं, समीक्षकांना किल्ली मिळाली. आजोबा रचत असलेले तेरा दगड म्हणजे दिग्दर्शकाचे चित्रपट, अशीही मोजणी काहींनी केली. मियाझाकींनी दिग्दर्शित केलेले पूर्ण लांबीचे चित्रपट बाराच भरतात, हे त्यांना आडवं आलं नाही. जपानात हा चित्रपट ट्रेलरशिवाय, एका पोस्टरवर लागला. मग घिब्लीचा इतिहास ठाऊक नसलेल्या, कोऱ्या मनाने आलेल्या प्रेक्षकाने त्या आजोबांकडे काय म्हणून पाहायचं? त्याला दिसतो तो लांब केसांचा, उशिरा आलेला, फार बोलणारा एक म्हातारा. ज्याच्या वियोगाने आपण हळवं व्हायचं, तो माणूस चित्रपटात नाहीच.

बाजू घेणारे म्हणतात, महितो शेवटी जखमेची कबुली देतो. ही खूण माझ्यातल्या दुष्टाव्याची आहे, म्हणून तुमचं जग मी चालवणार नाही, असं तो आजोबांना सांगतो. पण कबुली कुणापुढे? ज्या म्हाताऱ्याचा त्या दगडाशी काडीचा संबंध नाही, त्याच्यापुढे. ज्या मुलांवर आळ आला त्यांच्यापुढे नाही, शाळेवर धावून गेलेल्या बापापुढे नाही. कबुलीची किंमत शून्य असेल अशी जागा शोधून तिथे ती द्यायला लावली, आणि जगाने तिला प्रगल्भता म्हटलं.

त्याहून वाईट वागणूक नात्सुकोला मिळते. बाळंतिणीच्या खोलीत ती महितोवर ओरडते की मला तुझा तिटकारा आहे. उत्तरार्धातलं सर्वांत खरं वाक्य हेच. थोरल्या बहिणीच्या जागी आलेली धाकटी, पोटात मूल, घरात डोळ्याला डोळा न भिडवणारा मुलगा. ती रानात का गेली, याची सारी उकल त्या ओरडण्यात होती. महितो तिला आई म्हणून हाक मारतो, कागदी पट्ट्यांचं वादळ उठतं, आणि पुढे ती भेटते ती हसतमुख. तिटकाऱ्याचं काय झालं? उरलेलं दुःख हिमी मिटवते. ती म्हणजे लहानपणची आई. आगीत जायचं आहे हे ठाऊक असूनही आनंदाने आपल्या काळात नेणाऱ्या दाराकडे जाते. मेलेल्या आईनेच मरण गोड मानून घेतलं, की मुलाला सोसायला उरतं तरी काय?

त्याच ऑस्करच्या यादीत पाब्लो बर्जेर यांचा ‘रोबोट ड्रीम्स’ होता. न्यूयॉर्कमधला एक एकटा कुत्रा आणि त्याने जोडून घेतलेला रोबोट; संवाद एकही नाही. गंजलेला रोबोट बंद झालेल्या किनाऱ्यावर अडकतो, दोघांची ताटातूट होते, दोघांना पुढे नवे सोबती मिळतात. शेवटी रोबोटला खिडकीतून आपला जुना मित्र दिसतो आणि तो धावत जायचं नाही असं ठरवतो. का, ते आपल्याला पुरतं कळतं, कारण त्या निर्णयाची किंमत आपल्या डोळ्यांदेखत साठत आलेली असते. बर्जेर कोण, कुठले, त्यांचे मित्र कोण, यातलं काहीही माहीत असावं लागत नाही. त्या वर्षी ऑस्कर त्याला मिळायला हवं होतं. मियाझाकींना २००३मध्ये ‘स्पिरिटेड अवे’साठी ते मिळालं होतं, आणि तेव्हा ते चित्रपटाला मिळालं होतं.